पैसे घेण्याचे ॲप हवे तेव्हा बदलता येते, मग विक्रीचे संकेतस्थळ का बदलता येत नाही?

प्रश्न : हळद उद्योग, वसमत (जि. हिंगोली)

नमस्कार. वसमत तालुक्यात आमचा महिलांचा बचत गट आहे. गावातल्याच शेतकऱ्यांकडून हळकुंडे घेऊन, ती दळून, पाकिटे करून आम्ही हिंगोली, नांदेड आणि परभणीच्या किराणा दुकानांना देतो आणि प्रदर्शनांमध्ये स्वतः विकतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पुण्या-मुंबईकडून विचारणा वाढली आहे, त्यामुळे ऑनलाइन विक्री सुरू करावी असे गटातील बहुतेकींचे मत आहे.

निर्णय घेण्यापूर्वी मला एक विसंगती समजून घ्यायची आहे. पैसे स्वीकारण्याच्या बाबतीत मोठमोठ्या कंपन्या आमच्यासारख्या लहान गटाच्याही दारात येतात. एका कंपनीचा मुलगा स्कॅनर लावून जातो, काही आठवड्यांनी दुसऱ्या कंपनीचा मुलगा येऊन ‘आमचाही लावा’ म्हणतो, आणि दोघेही व्यवहारावर एक पैसासुद्धा कापत नाहीत. विक्रीच्या संकेतस्थळांवर मात्र नेमके उलटे दिसते. तिथेही देशातल्या आणि परदेशातल्या बलाढ्य कंपन्या एकमेकींशी झुंजत आहेत, तरी आमच्या ओळखीच्या एका गृहउद्योगाला कमिशन, वाहतूक, जाहिरात आणि परत आलेल्या मालाचा खर्च वजा जाता फारच थोडे उरले. त्यांना ते संकेतस्थळ सोडून दुसरीकडे जायचे होते. पण गोळा केलेले ग्राहकांचे अभिप्राय आणि ओळख मागेच राहणार असल्याने त्यांचे पाऊल उचलेना.

एकीकडच्या स्पर्धेचा फायदा आम्हाला मिळतो आणि दुसरीकडच्या स्पर्धेचा मिळत नाही, याचे कारण काय? आणि जे फुकट मिळते आहे, त्याची किंमत पुढे कोणत्या रूपाने मागितली जाईल? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त बँक अधिकारी, नांदेड

ताई, आपण ज्याला विसंगती म्हणता तिचे मूळ एका गोष्टीत आहे. पैसे देण्या-घेण्याचा मार्ग आपल्या देशात सर्व कंपन्यांना सामाईक आहे. विक्रीचा मार्ग प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या मालकीचा आहे.

हे आपोआप घडलेले नाही. रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँक संघाच्या पुढाकाराने २००८ मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, स्थापन झाले आणि या महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय आणले. त्याच वर्षीच्या ८ नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली. त्या काळात जोर होता तो वॉलेटचा, म्हणजे आधी कंपनीकडे पैसे भरून ठेवायचे आणि मग त्यातून खर्च करायचा. तेव्हा एका कंपनीच्या वॉलेटमधून दुसऱ्या कंपनीच्या वॉलेटमध्ये पैसे पाठवता येत नसत. दुकानदाराने ज्या कंपनीचा फलक लावला असेल, तिचाच ग्राहक त्याला मिळत असे. देशातील पैशांचा व्यवहार त्याच वळणावर राहिला असता, तर आज आपण विक्रीबद्दल जी तक्रार करत आहात, तीच पैशांबद्दलही करावी लागली असती. यूपीआयमध्ये पैसे थेट एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात जातात आणि कोणत्याही ॲपने कोणाचाही क्यूआर कोड वाचता येतो. म्हणून पेटीएमच्या स्कॅनरवर फोनपेचा ग्राहक पैसे देऊ शकतो आणि आपल्याला त्यासाठी काहीही करावे लागत नाही.

शुल्काचे म्हणाल, तर १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारांवर व्यापाऱ्याकडून शुल्क घेण्यास कायद्याने मनाई आहे. लहान व्यापाऱ्यांच्या दोन हजार रुपयांपर्यंतच्या व्यवहारांसाठी सरकार बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना प्रोत्साहन रक्कम देते. २०२४-२५ या वर्षासाठी तिचा दर ०.१५ टक्के आणि एकूण तरतूद सुमारे १,५०० कोटी रुपये होती. एवढ्या तुटपुंज्या उत्पन्नासाठी इतक्या मोठ्या कंपन्या धडपडणार नाहीत, हे उघड आहे. त्यांचे लक्ष दुसरीकडे आहे. आपल्या स्कॅनरवर दररोज किती रक्कम येते, कोणत्या दिवशी जास्त येते, कोणता महिना मंदीचा जातो, हे सगळे त्यांना दिसते आणि त्या माहितीच्या आधारे वित्तसंस्थांमार्फत कर्ज देता येते, विमा विकता येतो. बोलणाऱ्या स्पीकरचे भाडे, रिचार्जवरचे शुल्क आणि ॲपमधील जाहिराती यांतूनही पैसे मिळतात.

या स्पर्धेतील खेळाडू पाहिले, तर विक्री आणि पैसे यांचे नाते लगेच ध्यानात येते. फोनपे ही कंपनी २०१६ मध्ये फ्लिपकार्टने घेतली आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा १६ अब्ज डॉलरना घेतला, तेव्हा फोनपेही तिच्याकडे आली. २०२२ च्या अखेरीस या दोन कंपन्या वेगळ्या करण्यात आल्या, तरी वॉलमार्टची मोठी मालकी दोन्हींत राहिली. गूगलने २०१७ मध्ये ‘तेज’ आणले आणि पुढच्या वर्षी त्याचे नाव गूगल पे केले. ॲमेझॉननेही स्वतःची यूपीआय सेवा सुरू केली. व्हॉट्सॲपला नोव्हेंबर २०२० मध्ये परवानगी मिळाली, पण सुरुवातीला केवळ दोन कोटी वापरकर्त्यांपुरती. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवत अखेर ३१ डिसेंबर २०२४ रोजी काढण्यात आली. इतक्या कंपन्या उतरूनही यूपीआयचे पाचांपैकी चारांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच गेले. कोणत्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत, असा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्ये केला, पण त्याच्या अंमलबजावणीची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. करोडो लोकांच्या हाताला बसलेली सवय नियमाने मोडणे अवघड असते, हे त्यामागचे खरे कारण आहे असे मला वाटते.

तरीही आपल्याला त्यांची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण ॲप बदलायचे ठरवले तर आपल्याला फक्त भिंतीवरचा कागद बदलावा लागेल. काळजी दोन ठिकाणी घ्यावी. पहिली गोष्ट, स्कॅनरचे पैसे नेहमी आपल्या गटाच्या नियमित बँक खात्यातच जमा व्हावेत. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा ज्या व्यापाऱ्यांचे पैसे त्याच बँकेतील खात्यात जमा होत होते, त्यांना १५ मार्चपर्यंत दुसऱ्या बँकेची व्यवस्था करावी लागली. ज्यांचा क्यूआर कोड दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला होता, त्यांचे काम अडले नाही. दुसरी गोष्ट कर्जाची. ॲपवर ‘आपल्यासाठी कर्ज मंजूर आहे’ असा संदेश येतो आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर कापला जातो. हळदीच्या धंद्यात हंगामात माल भरावा लागतो आणि पैसा वर्षभर हळूहळू फिरतो, त्यामुळे रोजच्या हप्त्याचे कर्ज या धंद्याच्या चालीला जुळत नाही. कर्ज घ्यायचेच झाले, तर एकूण वार्षिक खर्च दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र आधी मागून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते देणे बंधनकारक आहे. बचत गटाला बँकेकडून मिळणारे कर्ज बहुतेक वेळा त्याहून स्वस्त पडते, हे माझ्या नोकरीच्या काळात मी सातत्याने पाहिले आहे.

उत्तर २ : कापड व्यापारी, गंजगोलाई, लातूर

साहेबांनी पैशांची बाजू नीट मांडली आहे. मी स्वतः साड्या ऑनलाइन विकतो, म्हणून विक्रीच्या बाजूबद्दल लिहितो.

ताई, तिथे स्पर्धा नाही असे नाही. पण ती खरेदीदारासाठी आहे, विक्रेत्यासाठी नाही. खरेदीदाराच्या फोनमध्ये तीन-चार ॲप असतात आणि तो क्षणात एकातून दुसऱ्यात जातो, म्हणून कंपन्या त्याला सवलत, मोफत पोहोच आणि विनाअट परतावा देतात. हा खर्च कोणीतरी सोसावा लागतो आणि त्यातला बराचसा भाग विक्रेत्याकडून वसूल होतो. विक्रेता सहज हलू शकत नाही. अनेक वर्षांचे तारांकन, अभिप्राय आणि शोधयादीतले वरचे स्थान त्याच संकेतस्थळावर राहते, आणि ग्राहकाचे नाव, क्रमांक ही माहितीही त्याच्या हाती नीट येत नाही. ईबे या अमेरिकी लिलाव-विक्रीच्या संकेतस्थळाने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन भारतात पाऊल ठेवले होते. २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि २०१८ मध्ये ते संकेतस्थळ बंदच झाले. तिथे बस्तान बसवलेल्या विक्रेत्यांना दुसरीकडे नव्याने दुकान मांडावे लागले.

आणखी गंभीर गोष्ट म्हणजे बाजार चालवणारा स्वतःच व्यापारी होणे. आपल्या मोंढ्यात बाजार समितीनेच आडत दुकान टाकले, लिलावाची वेळ आणि जागाही तिनेच ठरवली आणि कोणाचा माल आधी पुकारायचा हेही तिनेच पाहिले, तर शेतकऱ्यांनी आणि आडत्यांनी ते खपवून घेतले असते का? परकी भांडवल असलेल्या संकेतस्थळांबाबत सरकारने हाच धोका ओळखला होता. १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ज्या विक्रेता कंपनीत संकेतस्थळाचा भांडवली हिस्सा आहे, तिला त्या संकेतस्थळावर माल विकता येत नाही. दिल्ली व्यापार महासंघाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांच्याविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. ठरावीक विक्रेत्यांना झुकते माप आणि खोल सवलती हे आरोपांचे मुख्य मुद्दे होते. दोन्ही कंपन्यांनी कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले, त्यात दीड वर्ष गेले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारल्यावर चौकशी पुढे सरकली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा विलंब फार महागात पडतो, कारण निकाल लागेपर्यंत बाजाराची घडी बसून गेलेली असते.

स्पर्धेचा फायदा विक्रेत्यांना कधीच मिळाला नाही, असेही मी म्हणणार नाही. मीशोने २०२१ मध्ये विक्रेत्यांकडून कमिशन घेणे बंद केले आणि लहान गावांतून माल पाठवणारे हजारो लोक तिकडे वळले. ॲमेझॉननेही एप्रिल २०२५ मध्ये तीनशे रुपयांखालील वस्तूंवरचे संदर्भ शुल्क, म्हणजे कमिशन, माफ केले. आपले हळदीचे पाकीट त्या किमतीत बसत असेल, तर हे उपयोगाचे आहे. पण वाहतूक आणि इतर शुल्के राहतातच, त्यामुळे कमिशन शून्य म्हणजे खर्च शून्य असे समजू नये. पाव किलोच्या पाकिटाला वाहतूकच नफा खाऊन टाकते. एक किलोचा किंवा मिरची, धने यांच्यासोबतचा संच करून पाहावा.

उत्तर ३ : परभणीकर, सध्या पुणे (सॉफ्टवेअर क्षेत्र)

वरील दोन्ही उत्तरांना जोडणारा एक इतिहास सांगावासा वाटतो, कारण पैशांचा मार्ग खासगी राहिला असता तर काय झाले असते, हे इतर देशांत घडून गेले आहे.

ईबेने २००२ मध्ये ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा पुरवणारी पेपाल ही कंपनी विकत घेतली, कारण अनोळखी माणसांमधील लिलावात पैशांची खात्री हीच मुख्य अडचण होती. गूगलने २००६ मध्ये गूगल चेकआउट ही पैसे देण्याची सेवा आणल्यावर ईबेने आपल्या विक्रेत्यांना ते वापरू दिले नाही. म्हणजे विक्रेत्याला जे सोयीचे वाटते ते त्याने निवडायचे नाही, बाजाराच्या मालकाला जे परवडते ते स्वीकारायचे. गूगल चेकआउट २०१३ मध्ये बंद झाले. चीनमध्ये तर ताओबाओ या अलीबाबाच्या संकेतस्थळावर विचॅट पे ही प्रतिस्पर्धी गटाची पैसे देण्याची सेवा चालण्यासाठी २०२४ चा सप्टेंबर उजाडावा लागला. तोवर अलीबाबाशी जोडलेली अलीपे आणि विचॅट पे या दोन गटांनी आपापल्या दुकानांभोवती भिंती उभ्या केल्या होत्या. भारतात फ्लिपकार्टवर गूगल पेने आणि ॲमेझॉनवर फोनपेने पैसे देता येतात, हे यूपीआय सामाईक असल्यामुळेच. तरीही गूगलवर स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या देयक धोरणाबद्दल, म्हणजे ॲपवाल्यांनी गूगलचीच पैसे घेण्याची व्यवस्था वापरावी या अटीबद्दल, ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, यावरून मार्ग सामाईक असला तरी फाटकावर कोण बसले आहे याकडे लक्ष ठेवावेच लागते, हे दिसते. ही रक्कम अपिलात पुढे बरीच कमी झाली.

मग विक्रीसाठीही यूपीआयसारखे काही का नाही, असे आपल्या मनात येईल. त्याच हेतूने सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी ओएनडीसी ही कंपनी स्थापन झाली. त्यात विक्रेता एका ॲपवर माल नोंदवतो आणि ग्राहक दुसऱ्याच ॲपवरून तो मागवू शकतो. फोनपेने २०२३ मध्ये पिनकोड हे ॲप याच जाळ्यावर सुरू केले, पेटीएमही त्यात उतरली. कल्पना मला मनापासून पटते. पण यूपीआयइतके यश तिला मिळालेले नाही आणि त्याचे कारण तंत्रज्ञानात शोधू नये. एक रुपया कोणत्याही बँकेतून आला तरी तो एक रुपयाच असतो. हळदीचे पाकीट तसे नसते. त्यात भेसळ आहे का, वजन भरते का, पाकीट फुटले तर भरपाई कोणी द्यायची, हे पाहणारा कोणीतरी जबाबदार माणूस लागतो. मोठी संकेतस्थळे ही जबाबदारी घेतात म्हणून ग्राहक तिथे टिकतो, आणि त्याच जबाबदारीच्या बळावर ती विक्रेत्याकडून हवी ती किंमत वसूल करतात. ओएनडीसीमध्ये ती जबाबदारी अनेकांमध्ये विभागली जाते. आपल्यासाठी तिथे नाव नोंदवून ठेवणे हिताचे आहे, पण आज केवळ त्याच भरवशावर राहू नये.

हळद उद्योग, वसमत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता माझ्या लक्षात आले की स्कॅनर निवडताना फार विचार करण्याची गरज नाही आणि संकेतस्थळ निवडताना मात्र पुष्कळ विचार करावा लागेल. आमच्या गटाची उलाढाल लहान असल्याने जीएसटी क्रमांक नाही. त्याशिवाय ऑनलाइन विकताच येत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले होते. ते खरे आहे का? तसेच पाकिटात आमचा फोन क्रमांक असलेली चिठ्ठी ठेवली तर चालेल का? पुढच्या वेळी ग्राहकाने थेट आमच्याकडे मागणी करावी, एवढीच इच्छा आहे.

उत्तर ४ : करसल्लागार, छत्रपती संभाजीनगर

ताई, आपल्याला जे सांगण्यात आले ते पूर्वी खरे होते. संकेतस्थळावर विकणाऱ्या प्रत्येकाला उलाढाल कितीही असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात सवलत आली आहे. वस्तू विकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात नोंदणीची मर्यादा वार्षिक ४० लाख रुपये आहे. तिच्याखाली असलेल्या विक्रेत्याला पॅनच्या आधारे जीएसटीच्या संकेतस्थळावरून एक नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन माल विकता येतो. अट अशी की ही विक्री राज्याच्या आतच व्हायला हवी आणि हा क्रमांक एकाच राज्यासाठी मिळतो. म्हणजे पुणे, मुंबई, नागपूर चालेल. हैदराबाद किंवा बंगळूरचा ग्राहक चालणार नाही. वसमतहून हैदराबादची बाजारपेठ मुंबईपेक्षा जवळ असूनही ही अडचण आहे, आणि मराठवाड्याच्या विक्रेत्यांना ती इतरांपेक्षा जास्त जाचते. परराज्यात विकायचे असेल, तर नियमित नोंदणी, हळदीवरचा ५ टक्के कर आणि वेळच्या वेळी विवरणपत्रे यांची तयारी ठेवावी. नोंदणीनंतर संकेतस्थळ आपल्या विक्रीतून ०.५ टक्के कर परस्पर गोळा करते. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता. ती रक्कम आपल्या जीएसटी खात्यात जमा दिसते आणि वापरता येते, पण तोवर खेळते भांडवल तेवढे अडकते, हे हिशोबात धरावे. प्राप्तिकरापोटीही ०.१ टक्के कापले जातात, म्हणून गटाचे पॅन व्यवस्थित जोडलेले असावे.

खाद्यपदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आपण घेतलेली असेलच. तो क्रमांक पाकिटावर छापणे आवश्यक आहे. भौगोलिक मानांकनाबद्दल एक सूचना. वसमतमध्ये हळद दळली म्हणून मानांकनाचे चिन्ह आपोआप वापरता येत नाही. १९९९ च्या कायद्यानुसार त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. हे काम संकेतस्थळावर माल चढवण्यापूर्वी करावे, कारण एखाद्याने आक्षेप घेतला तर संकेतस्थळ आधी आपला माल उतरवते आणि खुलासा नंतर विचारते.

चिठ्ठीच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ‘पुढच्या वेळी थेट आमच्याकडून घ्या, स्वस्त मिळेल’ असा मजकूर पाकिटात ठेवला, तर ते बहुतेक मोठ्या संकेतस्थळांच्या अटींविरुद्ध ठरते आणि खाते बंद होऊ शकते. मात्र आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता असावाच लागतो, शिवाय तक्रारीसाठी संपर्क करता येईल अशा व्यक्तीचा किंवा कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक आणि ईमेलही छापावा लागतो. आपला क्रमांक तिथे ठळक, वाचता येईल अशा अक्षरांत छापावा. त्यावर आलेला प्रत्येक फोन गटातील एकीने नीट घ्यावा, विचारणाऱ्याच्या संमतीने त्याचे नाव आणि गाव वहीत नोंदवावे, आणि त्या ग्राहकाने स्वतःहून मागणी केली तर माल टपालाने पाठवून पैसे आपल्या स्कॅनरवर घ्यावेत.